एका धुराड्याचे दोन वाटेकरी

मी, वेणीमाधव नरहर गर्गे, वय छप्पन्न, धंदा दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढणे, राहणार पेनरोज बंगल्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, मौजे आंबेवाडी, तालुका व जिल्हा नाशिक, आज स्वखुशीने लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मी कसल्याही नशेत नाही. आमच्या गावाभोवती हल्ली इतक्या वायनरी झाल्या आहेत की हे शेवटचं मुद्दाम लिहावं लागतं.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. ऑपरेशन साधं असतं ते नेहमी दुसऱ्याचं. म्हणून हा खटाटोप. शिवाय आमचे वडील, नाना, मृत्युपत्र न करता गेले. त्यांचं म्हणणं असं की मृत्युपत्र म्हणजे यमाला पाठवलेली अक्षत. यम अक्षतीशिवाय आला, आणि मागे राहिलो आम्ही दोघे भाऊ, एक घर आणि सल्ला द्यायला टपलेले नातेवाईक. तो प्रसंग माझ्या मागे कोणावर येऊ नये. मी अविवाहित आहे, त्यामुळे भांडायला माणसं कमी आहेत, पण आमच्या घराण्यात तेवढ्यावर भागवतात.

कलम १. मिळकतीचे वर्णन. पश्चिमेस धरणाकडे जाणारा रस्ता, जो निवडणुकीआधी रुंद होतो व निकालानंतर मूळ मापावर येतो. दक्षिणेस ओढा, निदान माझ्या लहानपणी तरी ओढाच होता. उत्तरेस वाल्मीक पिंगळे यांची द्राक्षबाग. पूर्वेस, भिंतीला भिंत लावून, माझा सख्खा धाकटा भाऊ देवव्रत याचा अर्धा भाग, सध्या कुलूपबंद.

हे घर पेनरोज नावाच्या साहेबाने बांधलं. दारावरच्या दगडात १९११ कोरलेलं आहे. साहेब कलेक्टर नव्हता की कॅप्टन नव्हता. देवळालीच्या छावणीला कोबी, फ्लॉवर आणि बीट पुरवणारा शेतकरी होता. म्हणजे खरं तर हे शेतावरचं घर. पण गोऱ्या शेतकऱ्याच्या घराला आपल्याकडे बंगला म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो.

कमरेइतकं उंच जोतं, काळ्या दगडाचं. तिन्ही अंगांनी व्हरांडा, इतका खोल की दुपारचं ऊन पायरीपर्यंत येतं आणि आत यायची हिंमत न होऊन परत जातं. वर सागवानी कैच्या, त्यांवर मंगलोरी कौलं. भिंतींच्या माथ्याला झरोके, त्यांना दोऱ्या. दोरी ओढली की उन्हाळा बाहेर जातो. स्वयंपाकघर मूळ घरापासून हातभर नव्हे, चांगलं अंगणभर दूर, कारण साहेबाला फोडणीचा वास चालत नसे. आमच्या आजीने पहिल्याच आठवड्यात चूल आत आणली, कारण तिला फोडणीशिवाय घर चालत नसे.

घराचा नकाशा असा, की कागद मधोमध दुमडला तर डावी बाजू उजवीवर नेमकी बसते. दोन दिवाणखाने, दोन निजायच्या खोल्या, दोन न्हाण्या. मधल्या जाड भिंतीत पाठीला पाठ लावून दोन मोठे कोनाडे, साहेब लोक लाकडं जाळून शेकत बसतात तसले. दोन्ही कोनाड्यांचं वर धुराडं मात्र एक. आणि कोनाड्यांच्या दोन्ही अंगांना एकेक दार, इकडून तिकडे जायला.

एका माणसाला एवढं जोडीचं घर कशाला, हे कोडं आम्हाला पिढ्यान्पिढ्या पडलं नाही, कारण आमच्याकडे कोडी पडून घ्यायची पद्धत नाही. माझी पुतणी यशश्री, म्हणजे देवव्रतची मुलगी, आर्किटेक्चर शिकते. गेल्या दिवाळीत ती टेप घेऊन घर मोजायला आली. बापाकडून किल्ली मागून आणली होती. दोन्ही कोनाड्यांत डोकं घालून झाल्यावर नाकाला काजळी लावून माझ्यापुढे उभी राहिली.

"काका, तुमच्या कोनाड्यातल्या विटा काळ्या ठिक्कर आहेत. बाबांच्या बाजूच्या कोऱ्या. तिकडे जाळ कधी लागलेलाच नाही."

"असं कसं होईल?"

उत्तर साळूबाईने दिलं. ही आमच्या घराची झाडलोट करणारी, आणि तिच्या सासरची माणसं पेनरोजच्या काळापासून इथेच.

"ती मडमेची बाजू व्हती ना. सायबानं बायकोसाठी बांधली. ती बोटीनं यायची व्हती. आमची आजेसासू रोज झाडायची ती बाजू. मडम काय आली नाय."

यशश्री म्हणाली, "मग रोज कशाला झाडायच्या?"

"आता! ती आल्यावर झाडून चालतंय व्हय?"

कलम २. देव. साहेब सत्तेचाळीसच्या आधीच विलायतेला परतला. घर घेतलं आमच्या आजोबांनी. ते पंचवटीत यजमानांची श्राद्धपक्षं करत. त्यांनी घरभर गोमूत्र शिंपडलं, पश्चिमेच्या कोनाड्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब असला म्हणून काय झालं, देवघर केवढं प्रशस्त बांधलंय!" त्यांची चूक दाखवून देणारा एकच माणूस होता आणि तो बोटीत होता. कोनाड्यात देव बसले आणि तिथला जाळ कायमचा विझला.

आषाढात धुराड्यातून धार थेट बाळकृष्णाच्या डोक्यावर लागली. आजी घाबरली. आजोबा म्हणाले, "अगं, अभिषेक चाललाय. याची आपण यजमानाकडून दक्षिणा घेतो." आजीने दक्षिणेचा विचार न करता देवांवर छत्री लावली. ती छत्री, तिसऱ्यांदा कापड बदललेली, अजून तिथेच आहे.

नाशिकच्या थंडीबद्दल मी वेगळं लिहीत नाही, ज्यांनी सोसली त्यांना माहीत आहे. डिसेंबरात आम्ही दोघे भाऊ एका गोधडीत त्या कोनाड्यासमोर बसायचो. आत देव, लोकरी टोपडी घालून. शेकायची म्हणून मुद्दाम बांधलेली जागा, आणि तिथेच देव कुडकुडत बसलेले. देवव्रत विचारायचा, "दादा, खरंच इथं जाळ लागायचा?" थोरला असल्यामुळे मला सगळं ठाऊक असे. मी म्हणायचो, "तर! साहेब पाय लांब करून बसायचा." मग आम्ही गोधडीतून पाय बाहेर काढायचो आणि त्या नसलेल्या जाळाकडे तळवे करून बसायचो. तेवढी ऊब मला पुढे कुठल्याही हीटरने दिलेली नाही.

कलम ३. वाटणी. नाना गेल्यावर वर्ष उलटलं नाही तोच झाली. कारण घडला एक वास्तुतज्ज्ञ. देवव्रतची सिन्नरच्या कारखान्यातली बढती अडली होती. वास्तुतज्ज्ञाने घराभोवती होकायंत्र फिरवलं आणि बढती मुख्य दारात अडल्याचं सांगितलं. दार हलवा. मी म्हणालो, शंभर वर्षं न हललेलं दार हलवण्यापेक्षा कारखान्यातला साहेब हलव. तो म्हणाला, "दादा, एक वेळ माझ्यावर लेख लिही, पण मला शिकवू नकोस." लेख मी लिहिला नाही.

पुढचं काम मामांनी केलं. घराच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघत ते म्हणाले, "अरे, साहेबानं जणू दोन भावांसाठीच बांधलंय!" वाटणीला इतकं सोयीचं घर उभ्या जिल्ह्यात कोणी पाहिलं नव्हतं. दोन दारं विटांनी बुजवली की संपलं. गवंड्याने एका दुपारी बुजवली. गिलावा आधी कोणी करायचा यावर एकमत झालं नाही, त्यामुळे त्या विटा दोन्ही बाजूंनी अजून उघड्या आहेत.

देवही वाटले. बाळकृष्ण मला, अन्नपूर्णा त्याला. समई मला, घंटा त्याला. पंच म्हणाले, समसमान झालं. देवांची सही घ्यायची राहिली.

कलम ४. धुराडे. हे वाटणीत कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन कोनाड्यांमधला विटांचा पडदा वर कुठेतरी ढासळलेला आहे. इकडचा श्वाससुद्धा तिकडे ऐकू जातो. पहिल्या संध्याकाळी मी समई लावली आणि पलीकडून घंटा वाजली. माझ्याकडे उजेड, त्याच्याकडे नाद. बोलणं बंद होतं, पण दोन कोनाडे मिळून एक पूजा रोज होत होती.

शनिवारी रात्री उशिरा नव्हे, चांगला चहाच्या वेळेला, मी रविवारचा लेख कोनाड्यासमोर बसून मोठ्याने वाचतो. जुनी सवय. वाटणीनंतरच्या पहिल्याच शनिवारी वाचता वाचता पलीकडून "फुस्स" ऐकू आलं. देवव्रत लहानपणापासून नाकाने हसतो. कुकर शिटी व्हायच्या आधी जसा दम भरतो, तसा. मी थांबलो. तोही थांबला. मी पुढे वाचू लागलो. पुन्हा फुस्स.

माझ्या लेखनाचं सगळं गुपित एवढंच. मी घासून पुसून आणलेल्या विनोदाला तो कधी हसला नाही. जिथे नकळत खरं बोलून गेलो, तिथे हसला. तो हसेल ते ठेवायचं, बाकीचं काटायचं. आमचे संपादक म्हणत, वाचकाची नाडी तुम्हाला बरोबर सापडते. माझ्या हाती नाडी नव्हती, नाक होतं.

पाच वर्षांनी तो बिऱ्हाड हलवून सिन्नरला गेला, कारखान्याजवळ. घंटाही नेली. यशश्री सांगते, फ्लॅटमध्ये ती वाजवली की वरच्या मजल्यावरचे भिंत ठोकतात. तो गेला त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे लेख वाचला. धुराड्यातून फक्त पारव्याचं घुमणं आलं. पारवा हसत नाही, रडत नाही, सगळ्याला एकच सूर लावतो. बहुधा समीक्षक असावा. याला सहा वर्षं झाली. वाचक कळवतात, आता तुमची ती धार राहिली नाही. धार कशी राहील, धार लावायचा दगड सिन्नरला आहे.

साळूबाई त्याच्या बाजूचा व्हरांडा अजून रोज झाडते. मी एकदा म्हटलं, "साळूबाई, अहो, तिकडे कुलूप आहे."

"माहीत हे."

"मग?"

"आमच्यात ती बाजू झाडायचीच असती, दादा. तुमी तुमचं लिवा."

कलम ५. किरकोळ जंगम. माझी पुस्तकं गावच्या वाचनालयाला. मित्रांनी सप्रेम भेट दिलेली ज्याची त्याला परत करावीत. ती अगदी नवी आहेत. पुरस्कारांच्या ढाली वाल्मीक पिंगळे यांना द्याव्यात. उन्हात चांगल्या चमकतात, पाखरं द्राक्षांना शिवणार नाहीत. मामा आता नाहीत, नाहीतर त्यांचा सल्ला त्यांना साभार परत केला असता. वास्तुतज्ज्ञाला मुख्य दाराचा जुना कडीकोयंडा द्यावा, म्हणजे दार थोडंसं तरी हलवल्याचं समाधान त्याला मिळेल.

कलम ६. अंगणापलीकडचं मूळ स्वयंपाकघर आणि त्याभोवतीची जागा कायमची साळूबाईच्या नावे. ती तिथेच राहते. साहेबाला नको होता तो फोडणीचा वास आता तिथूनच सबंध आवारात येतो.

कलम ७. घर. मृत्युपत्र केलं नाही तरी कायद्याने माझा अर्धा भाग भावालाच जाईल, असं वकील म्हणाले. ते खरं असेल. पण कायद्याने मिळालेली वस्तू घ्यायला माणूस कागद घेऊन येतो. भावाने दिलेली घ्यायला स्वतः येतो. मला दुसरं पाहिजे आहे.

एक रिसॉर्टवाले देवव्रतच्या मागे लागले आहेत. त्याचा भाग विकायची बोलणी बरीच पुढे गेली आहेत. अडचण कैच्यांची आहे. त्या दोन्ही भागांवर मिळून टेकलेल्या आहेत, एक भाग पाडला तर दुसरा आपोआप खाली येतो. म्हणून माझी सही हवी. ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. म्हणाले, "सर, समोरचा व्हरांडा फोटोसाठी तसाच ठेवू. मागे रूम काढू. फायरप्लेस पण ठेवू, त्यात एलईडीचा जाळ टाकू, एकदम रिअल." मी त्यांना चहा विचारला नाही. मी असेपर्यंत सही होणार नाही. मी नसल्यावर काय, ते या कलमात आहे.

हे मृत्युपत्र वकिलाच्या ऑफिसात वाचू नये. यशश्रीने माझ्या कोनाड्यासमोर बसून मोठ्याने वाचावं. देवव्रतने पलीकडे आपल्या कोनाड्यासमोर बसून ऐकावं. ऐकताना तो कुठेही, एकदा जरी हसला, तर माझा अर्धा भाग निर्वेधपणे त्याचा. नाकातून आलेला आवाज हसणं धरावा, खोकला धरू नये. अट त्याला आधी सांगू नये. तो हसला नाही, तर माझा भाग खुशाल रिसॉर्टवाल्यांना विकून रक्कम वाचनालयाला द्यावी. ज्या घरात आम्ही दोघे एकमेकांना हसवू शकत नाही, त्या घरात एलईडीचा जाळच ठीक आहे.

आणि हसला, तर पुढचं त्याने ऐकावं.

देवा, घर तुझं झाल्यावर विकायचं असेल तर वीक, मी वर बसून हरकत घेणार नाही. फक्त एक हिवाळा थांब. दोन्ही दारांच्या विटा काढ. गिलावा केला नाही ते बरंच झालं, पटकन निघतील. देव एकत्र कर, समईशेजारी घंटा ठेव. त्यांना चांगला लाकडी देव्हारा करून उगवतीच्या खोलीत बसव, फार सोसलं त्यांनी. छत्री मात्र टाकू नकोस. धुराडं झाडून घे. पारव्याला रीतसर नोटीस दे. मग तुझ्या बाजूच्या कोनाड्यात लाकडं रच आणि पेटव. पाय लांब करून बस. त्या कोऱ्या विटांवर एकदा काजळी धरू दे. इतकी वर्षं झाडून ठेवलेल्या बाजूला शेवटी कोणीतरी आलं, याची तेवढी खूण राहील.

हे कलम कायद्याच्या भाषेत लिहायला घेतलं होतं. जमलं नाही. वकिलांनी सुधारू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी यशश्री देवव्रत गर्गे हिला नेमतो. घर मोजलेली ती एकटीच आहे.

पुरवणी. आज, याच बैठकीत, हाताने लिहिलेली.

साक्षीला बोलावलेल्या गावच्या डॉ. स्वानंदी वैशंपायन म्हणाल्या, सही करण्यापूर्वी साक्षीदारांसमोर एकदा वाचून दाखवा. मी वाचतो ते कोनाड्यासमोरच, म्हणून खुर्ची तिथे ओढली. दुसरा साक्षीदार वाल्मीक दाराशी बसला. मी सुरुवात केली, नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि "माझी बुद्धी शाबूत आहे" इथे आलो.

"फुस्स."

डॉक्टरांनी माझी नाडी धरली. "काय झालं? दम लागला का?"

वाल्मीक म्हणाला, "त्यांना नाय, मॅडम. देवाभाऊ हायेत पलीकडं. मघाशी पोरीबरोबर गाडीतून उतरताना पाह्यलं मी. रिसॉर्टवाल्याला जागा दाखवायला आले आसतील. ते नाक सगळ्या आंबेवाडीला माहीत हे."

"मग बोलवा की त्यांना इकडे."

"आपण नाय बोलवायचं, मॅडम. त्यांचं त्यांना कळतंय."

यशश्रीने काल फोन करून विचारलं होतं, "काका, रविवारी दुपारी घरी आहात ना?" मला वाटलं, टेप घेऊन येणार असेल. हे तिने जुळवलं की जुळलं, ते मी तिला सावकाश विचारीन.

मी पुढे वाचत राहिलो. सगळं वाचलं. मामा वाचले, पारवा वाचला, गोधडी वाचली. सातवं कलम शेवटपर्यंत वाचलं. पलीकडून पुन्हा एकदाही हसणं आलं नाही. मी कागद मिटला. तेव्हा धुराड्यातून शब्द आले, अकरा वर्षांतले पहिले.

"दादा, पारव्याला नोटीस देता येणार नाही. माझ्या बाजूला अंडी घातलीत त्याने."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. लिहिण्याचा धंदा करतो मी.

मग पावलं वाजली, आणि कुलूप लागल्याचा आवाज आला.

सबब लिहून ठेवतो की, कलम ७ मधील अट मृत्युपत्रकर्त्याच्या हयातीतच आणि ती माहीत नसताना पूर्ण झाली आहे. आवाज नाकातला होता, खोकला नव्हता, याची खात्री डॉक्टरांनी दिली आहे. अट आजपासून रद्द. घर देवव्रतचं. जाळ पिल्लं उडून जाईपर्यंत तहकूब. साळूबाईने चहाला आधण ठेवलं आहे आणि कोणाला न विचारता दोन कप जास्त काढले आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो मला समजला, आणि ज्याला समजायला हवा होता त्यानेही ऐकला.

सही: वेणीमाधव नरहर गर्गे

साक्षीदार: वर सही करणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली, त्यांच्या समक्ष आम्ही केली, आणि धुराड्यातून हसणं आलं तेव्हा आम्ही दोघेही हजर होतो.

१. डॉ. स्वानंदी वैशंपायन
२. वाल्मीक पिंगळे

स्थळ: पेनरोज बंगला, पश्चिमेकडचा भाग, आंबेवाडी, नाशिक

दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

वेळ: चहा उकळला आहे. गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून आलेला नाही.